जीर्णाची डागडुजी हीच श्रद्धा

(वर्षावासानिमित्त निगडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय 'श्रद्धा आणि दैनंदिन जीवन' असा ठरलेला आहे. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार भिक्खूचा नाही आणि पंडिताचाही नाही. ज्यांनी पाळ्या करून संसार केला, घरे उभी केली, सुटीच्या दिवशी हातात थापी, खुरपे किंवा ढोलकी घेतली, त्यांच्यापैकी आम्ही. तेव्हा आकाशातल्या गोष्टी न सांगता आम्ही छपरापासून सुरुवात करतो.

'श्रद्धा' हा शब्द उच्चारला की आपल्या समाजातला विचारी माणूस थोडा दचकतो, आणि ते योग्यच आहे. श्रद्धेच्या नावाखाली आपल्या पूर्वजांना काय काय सोसावे लागले हे आपण विसरलेलो नाही. परंतु पाली भाषेतील 'सद्धा' म्हणजे डोळे मिटून मान डोलावणे नव्हे. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच, की परंपरेने आले, ग्रंथात लिहिले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही मानू नका; स्वतः तपासा, हितकारक आढळले तर स्वीकारा. म्हणजे सद्धा हा तपासून ठेवलेला विश्वास आहे. आणि तपासून ठेवलेल्या वस्तूची पुढे निगा राखावी लागते. आज आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच.

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात तथागतांचे एक छोटेसे प्रवचन आहे. भरभराटीला आलेली कुळे पुढे टिकत नाहीत, ती का? त्यांनी चार कारणे सांगितली. एक, हरवलेले ते शोधत नाहीत. दोन, जीर्ण झालेले ते दुरुस्त करत नाहीत. तीन, खाण्यापिण्याला त्यांच्याकडे मर्यादा राहत नाही. चार, दुःशील माणसाच्या, मग ती स्त्री असो वा पुरुष, हाती ते कारभार देतात. याच्या उलट जे वागतात त्यांची कुळे टिकतात. मित्रहो, यात स्वर्ग नाही, नरक नाही, ग्रह नाहीत. एखाद्या अनुभवी वडीलधाऱ्याने ओट्यावर बसून सांगावे इतके हे साधे आहे. या चार कारणांवर आपले घर, आपली बाग, आपले गाणे आणि आपले विहार आपण तपासून पाहू.

दुसऱ्या कारणापासून आरंभ करतो, कारण दिवस पावसाचे आहेत.

आपल्या या वसाहतीचा इतिहास थोडा आठवा. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०२१ साली ते विलीन झाले, तरी 'प्राधिकरण' हे नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. मराठवाडा, सोलापूर, नगर, विदर्भ अशा भागांतून कारखान्यांच्या आशेने आलेल्या कुटुंबांनी निगडी, यमुनानगर, आकुर्डी या परिसरात पै पै साठवून घरे केली. गावकुसाबाहेरच्या पिढीला नळाचे पाणी, पक्की भिंत आणि स्वतःच्या नावाचे वीजबिल मिळाले. ती घरे आता चाळीस-पन्नास वर्षांची होत आली. ज्यांनी ती बांधली ते हातही थकले.

स्लॅब गळतो म्हणजे काय होते ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. गच्चीच्या कोब्याला बारीक तडा जातो. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथला वाटा सुटतो. पाणी जाण्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडकून पाणी तुंबते. ते पाणी झिरपत झिरपत आतल्या सळईपर्यंत जाते. सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून आतून दाब येऊन खालच्या काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. आपण मात्र छताला आलेल्या ओलीवर रंगाचा हात मारतो. दुखणे गच्चीवर आणि मलम खोलीत, असा हा प्रकार आहे.

खरा उपाय अवघड नाही, पण त्याला वेळ पाळावी लागते. आता पावसात ओल कुठे येते तिथे खडूने खूण करून तारीख लिहून ठेवावी. पावसाळा संपून दिवाळीनंतर गच्ची पूर्ण वाळली की त्या खुणांच्या वरचा भाग तपासावा, पोकळ वाजणारा कोबा काढावा, वाटा नव्याने मारावा, उतार पाण्याच्या तोंडाकडे आहे ना ते पाहावे. मग तोंडे बंद करून गच्चीत पाणी साठवावे आणि खाली ओल उतरते का ते पाहावे. मात्र सळया उघड्या पडल्या असतील, मोठे तडे असतील, तर जाणकार अभियंत्याला दाखवल्याशिवाय गच्चीवर पाण्याचा भार टाकू नये. पत्र्याचे छप्पर असेल तर बहुधा पत्रा नाही, हुकाखालचा वॉशर गेलेला असतो. वॉशरची किंमत ती काय. पण वेळेवर कुणी वर चढून पाहिले नाही म्हणून त्यापायी घरातली पुस्तके भिजतात.

धम्मपदाच्या पहिल्याच वर्गात, यमकवग्गात, नीट न शाकारलेल्या घराची उपमा आहे. अशा घरात पाऊस शिरतो, तसा अभ्यास न केलेल्या मनात विकार शिरतो. ही उपमा ज्याने छप्पर गळताना पाहिले आहे त्यालाच कळेल. मन एका दिवसात बिघडत नाही. एखादा वॉशर सैल होतो. 'आज एक दिवस', 'मित्रांचा आग्रह', 'पगाराचा दिवस' अशा बारीक फटींतून पाणी येऊ लागते, आणि सळई गंजल्यावर आपल्याला पापुद्रे दिसतात. रोज संध्याकाळी पाच मिनिटे त्रिसरण-पंचशील घेणे ही गच्चीची पाहणी आहे. देवाला खूष करण्यासाठी ती नाही. तडा कुठे गेला ते आपल्याला कळावे म्हणून ती आहे.

विनयपिटकात कोसंबीच्या उदेन राजाची गोष्ट येते. त्याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान केली. राजाला वाटले, हा भिक्खू आता कापडाचे दुकान मांडणार की काय! त्याने विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विटली त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? उशांचे अभ्रे, मग जमिनीवरची बसकरे, मग पायपुसणी, मग झाडायची फडकी, आणि शेवटी त्या फडक्यांच्या चिंध्या मातीत कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या आयांनी लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, तेव्हा त्यांनी हा ग्रंथ वाचलेला नव्हता. तरी त्या त्याच मार्गावर होत्या. दान मिळवण्याची पात्रता दान जपण्यातून येते, हे आपल्या मंडळांनी लक्षात ठेवावे.

आता बागेकडे वळू, आणि एका अडचणीच्या प्रश्नाला हात घालू.

कठड्याच्या फटीत, पाइपच्या मागे, टाकीच्या बुडाशी पिंपळाचे रोप उगवते. पक्षी फळे खातात, बी विष्ठेतून फटीत पडते, पावसाने रुजते. आपल्यातल्या कित्येक घरांत ते उपटायला कुणी धजत नाही. हा बोधिवृक्ष, याला हात कसा लावायचा? रोप हातभर होते, मूळ भिंतीत शिरते, तडा रुंदावतो, पाणी आत जाते. शेवटी मजूर बोलावून ते तोडावेच लागते, आणि मूळ आत राहिल्याने पुढच्या पावसात पुन्हा फुटते. भाव शुद्ध, पण झाड गेले आणि भिंतही गेली.

मित्रहो, याला श्रद्धा म्हणायचे की निष्काळजीपणा? आमच्या मते पिंपळाचा मान राखायचा तर तो चार पानांचा असतानाच हलवावा. पावसाळ्यात आदल्या दिवशी फट भिजवावी, छिन्नीने कडेचे प्लॅस्टर हलके सैल करावे, मूळ शक्य तितके अखंड सोडवावे, कुंडीत लावून काही दिवस सावलीत ठेवावे. फट लगेच साफ करून बुजवावी. रोप सशक्त झाले की इमारत, टाकी आणि ड्रेनेजच्या लाइनीपासून पुष्कळ दूर, मोकळ्या जागेत परवानगी घेऊन लावावे. भिंत वाचली, झाडही वाचले. प्रज्ञेशिवाय श्रद्धा भिंत फोडते, आणि श्रद्धेशिवाय प्रज्ञा नुसती कुऱ्हाड चालवते. दोन्ही मिळून मात्र सावली देतात.

बोधगयेच्या मूळ वृक्षाची फांदी संघमित्रा थेरीने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिंहलद्वीपाला नेली. अनुराधपूरचा तो वृक्ष आजही उभा आहे. त्याच्या फांद्यांना टेकू दिलेले आहेत, भोवती कठडे आहेत, पिढ्यानुपिढ्या लोकांनी त्याची राखण केली आहे. इकडे बोधगयेत जुना वृक्ष १८७६ साली वादळात पडला आणि त्यानंतर अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याच्याच वंशातले रोप तिथे लावले. म्हणजे बोधिवृक्षसुद्धा आपोआप टिकलेला नाही. कुणीतरी पाणी घातले, टेकू लावला, रोप जपले, म्हणून तो टिकला.

मगध देशातील एकनाळा गावी कसिभारद्वाज नावाच्या शेतकरी ब्राह्मणाने तथागतांना टोमणा मारला होता, की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्हीही तसेच करा. तथागत म्हणाले, मीही नांगरतो आणि पेरतो. त्या उत्तरात त्यांनी श्रद्धेला बी म्हटले आणि प्रज्ञेला नांगर. श्रद्धा हे पीक नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. बी मुठीत धरून ठेवले तर ते किडते. एक कुंडी, एक तुळस नाही तर मोगरा, एक कढीपत्ता, रोज सकाळी तांब्याभर पाणी, यातून मुलाला जी शिस्त लागते ती दहा उपदेशांनी लागत नाही. आणि पाणी तांब्याभरच. नवशिका माणूस रोप कोरडेपणाने जेवढी मारतो, त्याहून अधिक पाणी घालून मारतो. कुंडीच्या तळाला भोक नसेल तर मुळे कुजतात. अतिप्रेमालाही भोक लागते.

येथे तिसरे कारण आपोआप आले, मर्यादा. ती समजावून सांगताना तथागतांनी वाद्याचा दाखला दिला आहे. सोण कोळिविस हा श्रीमंताघरचा मुलगा भिक्खू झाला. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले, तरी चित्त शांत होईना. घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा चांगली वाजवत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा सुरात वाजते का? नाही. फार ढिल्या सोडल्या तर? नाही. मग उद्योगाचेही तसेच आहे. आपल्या ढोलकीवाल्यांना हे सांगावे लागत नाही. पावसाळी हवेत पुडी उतरते, तेव्हा ती चढवावी लागते. पण जोर अधिक झाला तर फाटते.

बंधू-भगिनींनो, गाणे हा आपल्या चळवळीचा दागिना नव्हे, कणा आहे. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गावोगाव फिरले तेव्हा वृत्तपत्र वाचू न शकणाऱ्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार ढोलकीवर बसून गेला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) प्रौढपणी अक्षरे शिकले आणि हजारो गीतांचे धनी झाले. विठ्ठल उमप २०१० साली नागपुरात रंगमंचावरच कोसळले आणि गेले. स्वतः बाबासाहेब, ज्यांना श्वास घ्यायला उसंत नव्हती, ते उतारवयात व्हायोलिन शिकायला बसत. ते काही मैफिली गाजवण्यासाठी नव्हे. ज्ञानाला जशी वयाची अट नाही तशी सुरालाही नाही.

आपल्याच भागात भाजे लेणे आहे. तिथल्या एका शिल्पात एक स्त्री तबल्यासारखी वाद्ये वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. म्हणजे या डोंगरांना ताल नवा नाही. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामाला जाते, ती आपण दरवर्षी पाहतो. त्या दिंडीत चालणारा माणूस गायक नसतो, पण गाणारा असतो. आपणही तसे गाणारे होतो. रात्रपाळी सुटल्यावर विहारात बसून पेटी, ढोलकी, खंजिरीवर सकाळ करणारी माणसे या वस्तीत होती. आज १४ एप्रिलला आपण काय करतो? गाणे भाड्याने आणतो. भिंती हादरतात, आजारी माणसे कळवळतात, परीक्षेची मुले कानात बोळे घालतात, आणि त्या भोंग्यापुढे आपल्या एकाही मुलाचा आवाज ऐकू येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी वीणेच्या तारेचा दाखला देणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांना मर्यादा बाहेरून सांगावी लागू नये.

खाण्यापिण्याची मर्यादा म्हणजे काय, हे आपल्या स्त्रियांना विचारा. पाचवे शील आपण सामुदायिक स्वरात म्हणतो आणि मिरवणुकीच्या रात्री कोपऱ्यावर ते मोडताना पाहून मान फिरवतो. यावर आम्ही अधिक बोलत नाही. ज्या घरात तो तडा आहे त्या घराला तो ठाऊक आहे.

आता पहिले कारण, हरवलेले न शोधणे. जुन्या कामगार गायकांच्या वह्या आज कुठे आहेत? कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत. त्यात प्रसिद्ध कवींची गाणी आहेतच, पण वस्तीतल्याच कुणी पाळण्यासाठी, लग्नासाठी, संपाच्या दिवसांसाठी रचलेली पदेही आहेत, जी कुठे छापली गेली नाहीत. वही मिळाली तरी चाल मिळत नाही. चाल गळ्यात असते आणि गळा माणसाबरोबर जातो. दरवर्षी आपण एखाद्या ज्येष्ठाला खांदा देतो, तेव्हा त्याच्याबरोबर पाच-दहा चाली जातात. आज प्रत्येक मुलाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन आहे. ते आजोबांसमोर ठेवायला किती वेळ लागतो?

शेवटचे कारण कारभाराचे. विहाराची किल्ली, वर्गणीची वही आणि पेटीचे आवरण ज्याच्या हाती, त्याचे शील पाहावे. त्याचे वजन किंवा वाहन पाहू नये. मूळ वचनात 'स्त्री असो वा पुरुष' असे आहे, म्हणजे स्त्रीच्या हाती कारभार असू शकतो हे तिथे गृहीतच आहे. ज्या बायकांनी महिन्याच्या पगारात घर, शाळा आणि भिशी सांभाळली त्यांच्या हाती हिशेब द्यायला आपण अजून का कचरतो, हा प्रश्न आम्ही सभेपुढे ठेवतो.

येथून जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. म्हणजे त्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी आपल्या परिसरात धम्माचे बी पडले. हा आपला अभिमान आहे आणि असावा. परंतु त्याआधीही, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, याच पट्ट्यात सामान्य माणसांनी धम्म सांभाळला. कार्ल्याच्या चैत्याच्या दारावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. देहूरोडजवळच्या शेलारवाडीच्या लेण्यात एका नांगरकऱ्याच्या पत्नीने आपल्या मुलासह दिलेल्या दानाचा लेख आहे. राजे होते, श्रेष्ठी होते; पण सुतार आणि नांगरकऱ्याची बायकोही होती. कार्ल्याच्या छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत.

वर्षातून तीन दिवस, १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर, आपण लाखांनी जमतो. त्या तीन दिवसांनी आपली संख्या कळते. श्रद्धा कळते ती उरलेल्या दिवसांत, विहाराला कुलूप आहे की झाडू फिरतो आहे यावरून.

म्हणून आम्ही चार कामे सुचवतो. या पावसात विहाराच्या छतावर ओलीच्या खुणा करून ठेवाव्यात, आणि वर्गणीतला ठरावीक हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा काढावा. सिगालाला केलेल्या उपदेशातही मिळकतीचा चौथा भाग अडचणीसाठी राखून ठेवायला सांगितलेला आहे. अंगणातली जागा विद्यार्थ्यांना वाटून द्यावी आणि ज्याची वाफ्याला पाळी त्याचे नाव फळ्यावर लिहावे. दर रविवारी एक ज्येष्ठ आणि दोन मुले बसून एक जुने गाणे उतरवून घ्यावे, चालीसकट. आणि येत्या १४ एप्रिलला निदान एक तास असा ठेवावा की ज्यात आपलीच माणसे, आपल्याच आवाजात, शेजाऱ्याला ऐकावेसे वाटेल अशा पट्टीत गातील. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल. पुढच्या वर्षी तो सुधारेल, कारण गाणारा इथेच राहणारा असेल.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या आजोबांनी हे विहार पाट्या वाहून बांधले. बांधण्याचा मान त्यांना मिळाला. तुमच्या वाट्याला दुरुस्तीचे काम आले आहे, म्हणून ते कमी प्रतीचे मानू नका. कोनशिलेवर दुरुस्ती करणाऱ्याचे नाव लागत नाही, हे खरे. पण कुळ टिकते ते त्याच्यामुळे, असे तथागतांनी सांगून ठेवले आहे. सभा संपल्यावर शिडी मागच्या खोलीत आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी थांबावे. पाण्याच्या तोंडातला पाला आजच काढता येईल.